बाईसाहेबांच्या जिवावर

साहेबांचं मृत्युपत्र वाचून झालं तेव्हा आम्ही त्रेचाळीस जण मागच्या अंगणात उभे होतो, आणि कुणाच्याही तोंडातून आवाज फुटला नाही.

वकिलाने चष्मा काढला, पुसला, आणि आम्हाला समजलं नसावं असं वाटून तेच पुन्हा सोप्या शब्दांत सांगितलं. जज लेम्युएल ॲव्हरेट यांचे सगळे गुलाम मुक्त होणार. पण आज नाही. बाईसाहेब हयात आहेत तोवर त्यांची सेवा करायची. बाईसाहेबांनी डोळे मिटले की त्या दिवसापासून सगळे मोकळे.

त्यानंतर आम्ही सगळ्यांनी एकदम बाईसाहेबांकडे पाहिलं. ठरवून नाही, मान आपोआप वळली. त्या पायरीवर काळ्या कपड्यांत उभ्या होत्या. पासष्टी ओलांडलेली, अंगाने किरकोळ बाई. तेवढ्यात त्यांना खोकला आला. साधा, ऑक्टोबरातल्या गारठ्याचा खोकला. रुमाल तोंडावरून काढून त्यांनी वर पाहिलं, तर समोर त्रेचाळीस माणसं त्यांचा खोकला ऐकत उभी. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं.

"टेमे, खाली बघ," आई ओठ न हलवता म्हणाली.

मी खाली पाहिलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

माझं नाव टॅमर, आईची टेमी. तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि बाईसाहेबांच्या खोलीतलं सगळं माझ्याकडे होतं: कपडे, केस, अंथरूण, औषध. माझी आई केझाया त्या घराची स्वयंपाकीण. रॅपाहॅनॉक नदीच्या त्या काठावर तिच्या हातच्या कालवांच्या सारासाठी लोक दोन दोन दिवस मुक्काम वाढवायचे. साहेब मोठा माणूस. तरुणपणी इंग्लंडच्या राजाविरुद्ध बोलले, फिलाडेल्फियाच्या महासभेत बसले, युद्ध संपल्यावर व्हर्जिनियाचे कायदे लिहायला हातभार लावला, मग न्यायाधीश झाले. आमच्या दारी राज्यभरातून माणसं यायची, नुसतं त्यांच्याशी हात मिळवायला. माणूस जन्मतः स्वतंत्र असतो, हे वाक्य त्यांच्या नावावर सांगितलं जायचं. ते आमच्याशी कधी वाईट बोलले नाहीत, हेही सांगायला हवं. मरताना त्यांना आमची आठवण झाली. फक्त त्यांनी आमची सुटका बायकोच्या मरणाला बांधली.

हिवाळा लागेपर्यंत घर वरून शांत होतं. बाईसाहेब शिंकल्या की जिन्यावरची पावलं थांबायची. त्या बऱ्या दिसल्या की नदीवर जाळी ओढणारे पुरुष गप्प असायचे. कुणी काही बोलत नव्हतं, म्हणूनच सगळं ऐकू येत होतं.

नाताळाला बाईसाहेबांचा भाचा आला, फील्डिंग कॉस्बी. जमीन पुढे त्याला मिळणार होती, पण माणसांशिवाय तंबाखूची जमीन म्हणजे नुसतं रान. मी चहा ओतत होते आणि तो माझ्यादेखत, मी म्हणजे एखादं कपाट असल्यासारखा, बोलत होता.

"आत्या, एक विचारू? रागावू नका. ज्यांच्या हातचं तुम्ही तीन वेळा खाता, त्यांचं भलं नेमकं कशात आहे याचा विचार केलाय तुम्ही?"

"फील्डिंग, काहीतरीच बोलू नकोस."

"मी कुठे काय म्हणतोय? एवढंच, की आतोबांनी तुमच्या डोक्यावर त्रेचाळीस माणसं बसवून ठेवलीत, आणि ती सगळी घड्याळाकडे बघतायत."

बाईसाहेबांनी कप उचलला होता. तो तसाच खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी बारा वर्षांची असल्यापासून त्यांचे केस विंचरत होते. त्या नजरेने त्यांनी मला त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळपासून चाखणं सुरू झालं. प्रत्येक पदार्थ आधी मी खायचा, मग भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पाव तास पुढे सरकायचा, मग त्या जेवायच्या. सार गार होऊन त्यावर साय धरायची. मक्याची भाकरी चिवट व्हायची. दाराला आतून कडी लागली. खोलीतली कात्री गेली, सुया गेल्या. केस विंचरताना आरशात त्यांची नजर माझ्या हातांवर असायची, आणि माझे हात थरथरायला लागायचे. थरथरताना पाहून त्या आणखी घाबरायच्या.

आईला सांगितलं. तिने चुलीवर टांगलेल्या पाल्याच्या जुड्या, तापावरच्या, खोकल्यावरच्या, बाळंतिणीच्या, सगळ्या काढल्या आणि एकेक करून आगीत टाकल्या.

"अगं, त्या औषधी आहेत!"

"म्हणूनच टाकतेय. आपल्यासारख्यांच्या हातात औषध सापडलं तर कायद्याने फाशी आहे, ठाऊक आहे ना? कुणाचं भलं केलं की वाईट, ते मागाहून विचारतात. कधी विचारतही नाहीत."

"पण त्यांना काही झालंच नाही तर?"

"माणूस म्हातारा होतो, टेमे. काहीतरी होणारच. आणि झालं की पहिली बघतील ती चूल."

मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. बाईसाहेब मेल्या तर आम्ही मोकळे. आणि बाईसाहेब मेल्या तर आई फासावर. रोज रात्री अंथरुणाला पाठ टेकताना मी देवाकडे काय मागावं हेच मला समजत नव्हतं.

मार्चमध्ये ते झालं. कॉस्बी तेव्हा आठवडाभर मुक्कामाला होता. दुपारी कालवांचं सार केलं होतं. खाली जेवणघरात मी चाखलं, काटा सरकला, बाईसाहेबांनी चार घास घेतले आणि चमचा त्यांच्या हातातून गळून पडला. त्या भडाभडा ओकल्या. मी धावले, तर त्यांनी मला ढकललं.

"लांब हो! दिवा कुणी लावला? सगळं पिवळं का दिसतंय? खिडकी पिवळी... फील्डिंग! मला विष घातलं रे, घातलं यांनी!"

कॉस्बीने त्यांना उचलून वर पलंगावर ठेवलं आणि तो सरळ स्वयंपाकघराकडे गेला. आई कणीक मळत होती. त्याने तिला दंडाला धरून अंगणातून ओढत नेलं आणि मांस धुरवायच्या खोलीत कोंडलं. आईने प्रतिकार केला नाही. तिच्या हातांची कणीक त्याच्या बाहीला लागली तेवढीच. मग त्याने एका घोडेस्वाराला शेरीफकडे पिटाळलं. शेरीफचं गाव बारा मैल.

"डॉक्टर," मी म्हणाले. "साहेब, डॉक्टर हॅलमना बोलवा ना."

"विषाला डॉक्टर काय करणार?"

वरून बाईसाहेबांचाच क्षीण आवाज आला, "हॅलमला बोलवा!" तेव्हा नाइलाजाने त्याने नदीतून होडी पाठवली.

मग जेवणघरात येऊन तो माझ्याकडे वळला. "तू चाखलं होतंस?"

"हो साहेब. तुमच्यासमोरच."

"आणि तुला काही झालं नाही. म्हणजे चाखल्यावर घातलंय. कुणी? तूच ना वाडगा त्यांच्यापुढे ठेवलास?"

घरातली माणसं दारात जमली होती, पण एकही आत येत नव्हतं, आणि त्यांचं चुकत होतं असंही नाही. बाईसाहेबांचा वाडगा टेबलावर तसाच होता, अर्ध्याहून जास्त भरलेला. मी तो उचलला. सगळ्यांसमोर तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

लोक म्हणतात टॅमर धीट. धीट कसली! तिसऱ्या घोटाला माझ्या मनात आलं, आईने खरंच काही घातलं असेल तर? तिने जुड्या जाळल्या, पण सगळ्या जाळल्या का? तो घोट घशात अडकला. तो मी गिळला, कारण थुंकले असते तर आई तिथेच संपली असती.

"आता बघू," कॉस्बी म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

बघायला त्याला वेळ होता. मला मात्र थोड्या वेळाने पोटात मुरडा आला. कपाळावर घाम फुटला. मी पाणी आणायच्या निमित्ताने विहिरीकडे गेले आणि तिथून धुराच्या खोलीच्या भिंतीला जाऊन टेकले. फळ्यांमध्ये बोटभर फट होती.

"आई."

"काय झालं? त्या कशा आहेत?"

"आहेत अजून. मी त्यांचा वाडगा प्यायले."

मग आई म्हणाली, "पोटात दुखतंय?"

"हो."

"ते भीतीचं आहे. कालवं मी आज सकाळी स्वतः फोडलीयेत, एकेक हुंगून. खोल श्वास घे."

मी घेतला. तरी तिथून हलता येईना.

"विचार," आई म्हणाली. "विचारूनच टाक. नाहीतर जन्मभर विचारत राहशील."

"तू... काही घातलंस का?"

"मनात रोज घालत होते. हाताने कधीच नाही."

फटीतून मला तिचा एक डोळा दिसत होता, धुराने लाल झालेला. मी कपाळ फळीला टेकलं. मुरडा तसाच होता, पण आता त्याची भीती वाटत नव्हती. दुसऱ्या भीतीला जागा झाली होती: शेरीफ डॉक्टरच्या आधी पोचला तर?

मी वर जाऊन बाईसाहेबांजवळ बसले. त्यांनी मला हाकललं नाही. त्यांचा श्वास संथ, फार संथ चालला होता. मनगटाला हात लावला तर दोन ठोक्यांमध्ये एवढं अंतर, की प्रत्येक वेळी वाटायचं, हा शेवटचा. मी मोजत होते. आयुष्यात मी कुणाच्या जगण्यासाठी इतकी धडपडले नाही. आणि ज्या बाईच्या मरणात माझं स्वातंत्र्य होतं, तिचाच हात धरून मी म्हणत होते, "बाईसाहेब, श्वास घ्या. घ्या ना. आणखी एक."

डॉक्टर हॅलम साडेचारला आले. जाडजूड, तिरसट माणूस. नाडी पाहिली, पापण्या उलटून पाहिल्या. कॉस्बी विषाबद्दल सांगत होता, ते हात वर करून त्यांनी थांबवलं.

"पिवळं दिसतंय म्हणाल्या?"

"हो," मी म्हणाले. "खिडकी पिवळी म्हणाल्या."

"माझे थेंब कुठे आहेत?"

हृदयासाठी ते एका जांभळ्या फुलाच्या पानांचा अर्क देत असत. सकाळी पाच थेंब, पाण्यातून. मी कपाटातली बाटली काढून दिली. त्यांनी ती काळपट काच उजेडात धरली, तेव्हा कुठे आतलं दिसलं. बाटली आठ दिवसांपूर्वी आली होती. मे महिन्यापर्यंत पुरायची. आता तळाला जेमतेम बोटभर होतं.

"हे थेंब कोण देतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"ही देते," कॉस्बी पुढे आला. "रोज ही देते! आता बोल. आई खाली सार शिजवते आणि तू वर बाटली रिकामी करतेस, होय ना?"

मला बोलायचं होतं. पाचच थेंब देते, रोज मोजून देते, असं म्हणायचं होतं. पण मी नुसती बाटलीकडे बघत राहिले, आणि मला माहीत होतं की अशी गप्प उभी राहिलेली मी अगदी गुन्हेगारासारखी दिसतेय. अंगणात घोड्यांच्या टापा वाजल्या. शेरीफ आला होता.

"मी घेतले."

आवाज पलंगावरून आला. बाईसाहेबांनी डोळे उघडले नव्हते.

"आत्या, तुम्ही बोलू नका."

"मी घेतले, फील्डिंग. ती खाली गेली की घ्यायचे. आधी दहा. मग पंधरा. छातीत धडधड व्हायची ना... रोज, सारखी. वाटायचं, थेंबांनी थांबेल." त्या रडायला लागल्या, लहान मुलीसारख्या. "मला मरायचं नव्हतं, हॅलम. सगळे वाट बघत होते. मला मरायचं नव्हतं."

डॉक्टरांनी बाटली खिशात घातली. "ती धडधड भीतीची होती, बाई. माझे थेंब त्यासाठी नाहीत. आणखी दोन दिवस असं केलं असतं तर तुमचं हृदय थांबलं असतं, आणि खाली त्या बाईला यांनी लटकवलं असतं." मग कॉस्बीकडे वळून म्हणाले, "किल्ली द्या."

आई बाहेर आली तेव्हा तिच्या केसांना, कपड्यांना धुराचा वास होता. शेरीफ पायरीवर बसून थंड पाणी पीत होता. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. ती त्याच्या शेजारून गेली, हात धुतले, आणि सुकून गेलेली कणीक कोंबड्यांना टाकली. मग ती उंबऱ्यावर बसली. मी तिला धरलं. ती तशीच माझ्या अंगावर रेलून बराच वेळ हुडहुडी भरल्यासारखी कापत होती.

बाईसाहेबांना उठून बसायला दहा दिवस लागले. अकराव्या दिवशी त्यांनी आम्हा दोघींना वर बोलावलं. दाराला कडी नव्हती.

"केझाया," त्या म्हणाल्या, "खरं सांग. मी तुला काही करणार नाही. मी मरावं असं तुला वाटायचं का?"

मी आईचा झगा ओढला. आईने तो सोडवून घेतला.

"बाईसाहेब, साहेबांनी आम्हाला दुसरं काही वाटायला जागाच ठेवली नाही."

बाईसाहेब खिडकीबाहेर बघत राहिल्या. नदीवर दोन पडाव चालले होते.

"त्यांना हे कळलं नसेल का? एवढे शहाणे होते. सगळ्या राज्याला कायदे लिहून दिले त्यांनी."

"त्यांना तुमची काळजी होती. तुमचं करायला कुणी हवं म्हणून त्यांनी आम्हाला ठेवलं."

"माझी काळजी!" त्या हसल्या, पण ते हसणं ऐकवेना. "तीन महिन्यांत मी एकही घास गरम खाल्लेला नाही." मग म्हणाल्या, "वकिलाला बोलावलंय. पुढच्या कोर्टाच्या दिवशी सगळ्यांचे कागद होतील. सगळ्यांचे, त्रेचाळीस. मी चांगली आहे म्हणून हे करत नाहीये, हे लक्षात ठेव. मला भीती वाटते म्हणून करतेय."

"कशासाठी का होईना, बाईसाहेब," आई म्हणाली, "सही स्पष्ट करा."

कॉस्बीने आकाशपाताळ एक केलं. आत्याचं डोकं ठिकाणावर नाही असं त्याने कोर्टात सांगून पाहिलं. डॉक्टर हॅलमनी उभं राहून सांगितलं, इतकी ठिकाणावर ती वर्षभरात प्रथमच आहे. मे महिन्यात कारकुनाने आमची उंची मोजली, अंगावरच्या खुणा लिहिल्या आणि आईच्या हातात कागद दिला. 'केझाया, वय सुमारे पन्नास, डाव्या कोपरावर भाजल्याचा व्रण, मुक्त.' आईने तो उलटा धरला होता. मी सरळ करून दिला.

बरेच जण तिथेच राहिले, मजुरीवर. आम्ही राहिलो नाही. "ज्या घरात मला एकदा कोंडलं, तिथली चूल मी पुन्हा पेटवणार नाही," असं आई म्हणाली. जून संपता संपता आम्ही उत्तरेला निघालो. पायी, दिवसाउजेडी, मोठ्या रस्त्याने. आडवाटेने जाणारे पळपुटे समजले जातात. तरी मागून घोडा आला की आई कागदावर हात ठेवायची. मुक्त माणसाचा कागद फाडून त्याला दक्षिणेला विकणारे लोक त्या रस्त्यावर होते, आणि ते कपाळावर लिहून फिरत नव्हते.

पोटोमॅक नदीच्या धक्क्यावर नावाड्याने हात आडवा केला. "कागद."

आईने दिला. त्याने तो एकेक अक्षर लावत वाचायला घेतला. त्याच्या दंडाएवढा त्याचा कुत्रा आमच्या घोट्यांशी हुंगत होता. आईची नखं माझ्या मनगटात रुतली. पलीकडचा काठ इतका जवळ होता, की तिथे कपडे वाळत घातलेले दिसत होते.

"ॲव्हरेट," तो थांबला. "म्हणजे महासभेतले जज ॲव्हरेट?"

"तेच," आई म्हणाली.

"अरे वा! माझ्या बापाने ऐकलं होतं त्यांचं भाषण, कोर्टाच्या मैदानात. मरेपर्यंत सांगायचा. माणूस जन्मतः स्वतंत्र, म्हणाले, आणि म्हणे मैदानात सुई पडली तरी ऐकू आली असती. तुम्ही ऐकलंय का कधी त्यांना बोलताना?"

"त्याच मैदानात," आई म्हणाली. "मी त्यांच्या मागे पाण्याचा पेला धरून उभी होते."

नावाड्याने तिच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. त्याने कागदाची घडी केली, नीट, होती तशीच, आणि परत दिली. "बसा," तो म्हणाला. "मध्यावर ओढ आहे, कडेला धरून बसा."

आम्ही पेनसिल्व्हेनियात यॉर्क गावी राहिलो. आईने एका खाणावळीत सतरा वर्षं स्वयंपाक केला. मी शिवणकाम केलं, लग्न केलं, चार मुलं झाली. बाईसाहेब मात्र त्यानंतर अकरा वर्षं जगल्या, खणखणीत. मागाहून आलेल्या एकाने सांगितलं, की मजुरीवर राहिलेल्या पोरीने रांधलेलं त्या गरमगरम जेवायच्या आणि खोकला आला तर बिनधास्त खोकायच्या.

साहेबांच्या थडग्यावर आता संगमरवरी दगड आहे म्हणे. कॉस्बीने बसवला. आपल्या सर्व गुलामांचा मुक्तिदाता, असं त्यावर कोरलंय. माझा नातू तिकडे जाऊन बघून आला आणि मला वाचून दाखवताना रागाने थरथरत होता. मी म्हटलं, राहू दे रे. साहेबांनी लिहून ठेवलं नसतं तर बाईसाहेबांना सही करायला कागदच नसता, तेवढं खरं आहे. बाकीचं त्या दगडावर मावलं नसतं.

तो म्हणाला, "आजी, मग बाकीचं कुणी लिहायचं?"

मी त्याला खुर्ची ओढायला सांगितली आणि मृत्युपत्राच्या दिवसापासून सुरुवात केली.